जोड्या लावा

मेनफ्रेम या मोठ्या संगणकाची माहिती डिस्कच्या ज्या कप्प्यांत राहते त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. एका ठिकाणचा व्हॉल्यूम दुसऱ्या ठिकाणच्या व्हॉल्यूमशी असा बांधून ठेवायचा, की इथे अक्षर उमटले की तिथेही उमटावे. या कामाला जोडी लावणे म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. अ गट, ब गट, मधे पट्टीने ओढलेल्या तिरक्या रेघा आणि शेजारच्याच्या पेपरात डोकावून करून घेतलेली खात्री. शाळेत जोडी चुकली तर एक गुण जातो. इथे चुकली तर लोकांची खाती जातात आणि डोकावायला शेजारी नसतो, कारण रात्रपाळीला माणूस एकच असतो.

हे काम करणाऱ्याची पहिली अडचण तांत्रिक नसते. वाशीम जिल्ह्यात, अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर पातूर आणि मालेगावच्या मधे मेडशी आहे. अशा गावातून निघून पुण्याला हिंजवडीत परदेशी बँकांचे मेनफ्रेम सांभाळणाऱ्या मुलाला घरून येणारा फोन साधारण असा असतो:

"बाबू, तू काम तरी काय करतं तिथं?"

"जोड्या लावतो, माय."

"रातच्याला?"

"हाव. रातपाळीच असते."

थोडी शांतता. मग आवाजात एकदम नवा आदर येतो. "मंग मामाच्या पोरीचं काऊन नाही जमवत?"

पुढच्या दिवाळीला घरी तीन बायोडाटा, दोन पत्रिका आणि 'मुलगी निर्व्यसनी पाहिजे' अशी एक चिठ्ठी येऊन पडलेली असते. समजावून सांगावे तर गुंता वाढतो. एक अमेरिकेत अमुक गावी, दुसरा तिथून पन्नास किलोमीटरवर, दोघांची भेट कधी होत नाही, आणि पहिल्याला काही झाले तरच दुसऱ्याने तोंड उघडायचे, असे सांगितल्यावर माय म्हणते, "असं कसं बाप्पा लगन?" तिच्या शंकेत तथ्य आहे.

एकच प्रत पुरेशी नसते हा शोध आपणच लावला असे संगणकवाले समजतात. तहसील कचेरीत निघालेल्या कोणाही माणसाची पिशवी पाहावी. सातबाराच्या पाच झेरॉक्स, आधारच्या सहा, 'लागली तर' म्हणून रेशनकार्डाच्या दोन. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत, आणि एक संच मालेगावला मेहुण्याकडे. हा मेहुण्याकडचा संच म्हणजेच दूरस्थ प्रत. आपल्या घराला आग लागली तर निदान मेहुण्याचे घर शाबूत असावे, इतका साधा विचार त्यामागे असतो. बँकांनीही तोच केला. मेहुण्याच्या जागी दुसरे डेटा सेंटर घेतले, कारण मेहुणा मागितल्याबरोबर कागद देईलच असे नसते. शिवाय आग एकटी नसते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या अख्ख्या पावसाळ्याच्या तोडीचा. अशा दिवशी एकाच गल्लीत ठेवलेल्या दोन प्रती बरोबरच भिजतात.

झेरॉक्स काढल्या क्षणी शिळी होऊ लागते. फेरफार झाला की पेटीतला कागद एक सांगतो आणि मेहुण्याकडचा दुसरे. प्रत सतत ताजी राहावी म्हणून 1990च्या दशकात ज्यांनी ही विद्या बाजारात आणली त्यांत तीन घराणी मोठी. ईएमसीने 1994 मध्ये एसआरडीएफ आणले, आयबीएमचे पीपीआरसी पुढे मेट्रो मिरर झाले, हिताचीचे ट्रूकॉपी. तिघांचे काम एक, पण बोली तीन. मूळ आणि नक्कल यांना आयबीएमवाले प्रायमरी-सेकंडरी म्हणतात, ईएमसीवाले आर-1 आणि आर-2, तर हिताचीवाले पी-व्हॉल आणि एस-व्हॉल. एका घराण्यातून दुसऱ्यात नोकरीला गेलेला माणूस पहिले सहा महिने सासरी गेल्यासारखा जपून बोलतो.

जोडी लावण्याआधी माप पाहायचे. हे माप 3390 नावाच्या डिस्कचे असते. आयबीएमने ती 1989 मध्ये आणली. तिच्या तिसऱ्या मॉडेलमध्ये 3,339 सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरात 15 ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकमध्ये 56,664 बाइट, असे सगळे मिळून 2.84 अब्ज बाइट भरतात. आजच्या लग्नाच्या व्हिडिओला एवढी जागा हळदीपर्यंतच पुरेल. ती डिस्क आता कोणी बनवत नाही. फ्रिजएवढ्या कपाटातल्या आजच्या डिस्क आत काहीही असल्या, तरी बाहेर मेनफ्रेमला आपण जुनी 3390च आहोत असे सांगतात, आणि मेनफ्रेम विश्वास ठेवतो. यावर शहरी माणूस हसतो. मेडशीचा माणूस हसणार नाही. दशमान नाणी 1957 मध्ये आली, आणा केव्हाच गेला; सरकारी कागदावर पिकाची पैसेवारी लिहिली जाते, तरी पारावर विचारतात ते "आवंदा आणेवारी किती लागली?" असेच. नाणे मेले तरी त्याचे माप मरत नाही.

नियम असा की सेकंडरी प्रायमरीएवढाच हवा किंवा मोठा. लहान चालत नाही. वधू-वरांच्या वयाच्या जुन्या हिशेबासारखा हा नियम वाटतो खरा, पण त्यात एक खोच आहे आणि ती उशिरा कळते. घाईत कोणी मोठा सेकंडरी जोडून देतो. मोठाच आहे, बिघडले काय? वर्षभर काही बिघडत नाही. मग एक दिवस भूमिका उलटवायची वेळ येते, मोठ्याला प्रायमरी आणि लहानाला सेकंडरी करायचे असते, आणि नियम आडवा येतो. मोठ्याचे लहानात मावत नाही. त्या दिवशी ज्याने तो जोडला त्याची बदली झालेली असते.

माप जुळल्यावर पत्ते. प्रत्येक व्हॉल्यूमची कुंडली अशी: कपाटाचा अनुक्रमांक, उपविभागाचा चार अक्षरी क्रमांक, त्यातला दोन अक्षरी स्थानक्रमांक, शिवाय व्हॉल्यूमचे सहा अक्षरी नाव. उपविभागाचा आणि स्थानाचा क्रमांक सोळाच्या पायावर मोजलेला, म्हणजे नऊनंतर दहा न येता ए, बी, सी, डी, ई, एफ येतात. एका उपविभागात 256 व्हॉल्यूम बसतात. असे कित्येक उपविभाग, आणि प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंची. या याद्या एका माणसाने फोनवर वाचायच्या आणि दुसऱ्याने टिपायच्या, ही पद्धत पुस्तकात कुठेच नाही आणि चालते सगळीकडे.

"बी-ई-डी-आठ."

"डी का बी?"

"कोणता?"

"पहिला."

"बी. बी फॉर बैल."

"आणि तिसरा?"

"डी. डी फॉर डुक्कर."

"ई नाही ना?"

"ई दुसरा आहे, भाऊ. ई फॉर... ई फॉर ईळा."

विळ्याला गावाकडे ईळा म्हणतात हे पलीकडच्या तमिळ सहकाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही, त्यामुळे तो व्ही लिहून मोकळा होतो. सोळाच्या मोजणीत व्ही नाही एवढ्यावर त्या रात्रीची चूक पकडली जाते. आठ आणि बी यांच्यातली चूक मात्र पकडली जात नाही, कारण दोन्ही अक्षरे कायदेशीर आहेत.

यानंतर वाट आखायची. सीएस्टपाथ हा हुकूम एका उपविभागातून दुसऱ्यात जाणारी वाट उघडतो. नवशिक्याचा समज असतो की जायची वाट तीच यायची. इथे तसे नाही. ही वाट एकतर्फी असते, आणि उलट दिशेची वेगळी आखावी लागते. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने आडगावी गेलेल्या माणसाला हे लवकर समजते. आखणी करताना उलटी वाट राहिली तर रोजच्या कामात कळतही नाही. संकटाच्या दिवशी माहिती तिकडे पोचलेली असते आणि परतीची गाडी नसते.

मग मुख्य विधी. सीएस्टपेअर हा हुकूम जोडी लावतो, आणि प्रायमरीच्या जागी कोण लिहिला व सेकंडरीच्या जागी कोण यावर सगळे अवलंबून असते. पहिल्याची नक्कल दुसऱ्यावर होते. कोरा व्हॉल्यूम प्रायमरी म्हणून लिहिला आणि भरलेला सेकंडरी म्हणून, तर यंत्र कोऱ्याची नक्कल भरलेल्यावर करते, तीही अत्यंत काळजीपूर्वक, एकही ट्रॅक न चुकवता. एक अडसर ठेवलेला आहे: सेकंडरी होणारा व्हॉल्यूम कोणत्याही संगणकाला ऑनलाइन असेल तर हुकूम परत येतो. पण भरलेला व्हॉल्यूम त्या घडीला ऑफलाइन असला तर यंत्राला काही वाटत नाही. कोरा आणि भरलेला असा भेद माणसे करतात.

म्हणून दोघांनी तपासायचा नियम असतो. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने वाचून होकार द्यायचा.

"बघितलंस ना नीट?"

"हो हो."

"दिशा बरोबर आहे?"

"तू लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

"मी म्हटलं तू बघशील."

हा संवाद जगातल्या सर्व भाषांत रोज घडत असावा. हे लिहिणाऱ्याला घरातल्या दोन पेनड्राइव्हपैकी मूळ फोटो कोणत्यात हे सांगता येत नाही. दोन्हींवर त्याने स्वतःच्या हाताने 'फायनल' असे लिहून ठेवले आहे.

हुकूम सुटला की जोडीच्या अवस्था सुरू होतात. सुरुवातीला दोघेही सिम्प्लेक्स, म्हणजे सडेफटिंग. नक्कल चालू असेपर्यंत पेंडिंग. पूर्ण झाली की डुप्लेक्स. आणि काही बिनसले तर सस्पेंडेड. पेंडिंगचा काळ मोठा मजेचा. पडद्यावर टक्के दिसतात, ते 97 पर्यंत भराभर चढतात आणि मग देण्याघेण्याच्या बोलण्यासारखे तिथेच अडून राहतात. सीक्वेरी हा हुकूम दिला की टक्के कळतात. दर मिनिटाला दिल्याने ते लवकर वाढत नाहीत, हे माहीत असूनही प्रत्येकजण दर मिनिटाला देतो.

सस्पेंडेड जोडीत मात्र या शास्त्राची खरी हुशारी दिसते. तुटल्यानंतर प्रायमरीवर जे ट्रॅक बदलले त्यांच्या नावापुढे यंत्र खुणा करून ठेवते आणि पुन्हा जुळल्यावर तेवढेच पाठवते. मुंबईहून दोन वर्षांनी गावी आलेल्याला मधल्या काळात कोण वारले, कोणाचे जमले आणि कोणाच्या विहिरीला पाणी लागले इतकेच सांगतात. गावाचा इतिहास पहिल्यापासून कोणी सांगत नाही. (काही जण सांगतात. पण ते यंत्र नव्हेत.)

जुळलेल्या जोडीत सेकंडरीचे नशीब पाहण्यासारखे असते. काम प्रायमरीइतकेच, पण वाचायला कोणी येत नाही आणि संगणकाशी बोलायची परवानगी नाही. नक्कल इतकी तंतोतंत की नावही तेच चिकटते, आणि यातून एक पेच होतो. चुकून दोघे एकाच संगणकासमोर आले तर संगणक सुरू होतानाच अडतो आणि ऑपरेटरला विचारतो की एकाच नावाचे दोघे आले आहेत, यातला कोणता बाहेर काढू? हा प्रश्न पहाटे तीन वाजता येतो. उत्तर फक्त पत्त्याच्या आकड्यांत द्यायचे असते, बी फॉर बैल वगैरे चालत नाही.

आता अंतर. खरी, म्हणजे त्याच क्षणाची जोडी हवी असेल तर प्रत्येक नोंद पलीकडे पोचल्याची पावती आल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन किलोमीटरला दहा मायक्रोसेकंद पडतात. मेडशी ते अकोला पन्नासएक किलोमीटर धरले तर पाचशे मायक्रोसेकंद, हे खपून जाते. मुंबई ते हैदराबाद सातशे धरले तर सात हजार. एका नोंदीला सात मिलिसेकंद कोणाला जाणवणार, असे वाटते. पण दिवसाला लाखो नोंदी एकामागे एक उभ्या राहिल्या की रांग सेतू केंद्रापर्यंत जाते. आयबीएमने मेट्रो मिररची मर्यादा 300 किलोमीटर सांगितली आहे, आणि शहाणे लोक त्याच्या बरेच आत राहतात. म्हणून बहुतेक ठिकाणी जवळ एक त्वरित प्रत आणि लांबच्या शहरात एक सावकाश येणारी प्रत ठेवतात. सावकाश प्रत काही सेकंद मागे असते. तेवढ्या सेकंदांत कोणाचे पैसे होते यावर मग समित्या बसतात.

वाट तुटली तर काय करायचे, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. क्रिट नावाचे एक बारीकसे कलम आहे. ते 'हो' ठेवले तर नक्कल होत नसेल तेव्हा मूळ लिखाणही थांबते. 'नाही' ठेवले तर मूळ काम पुढे चालते आणि नक्कल मागे राहते. साक्षीदार आला नाही तर व्यवहार मोडायचा की नाही, असा हा प्रश्न. मोडला तर गिऱ्हाईक ओरडते, न मोडला तर ऑडिटर.

हा पेच नुसता पुस्तकी नाही. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले. तिथली यंत्रे मेनफ्रेम नव्हेत, पण दुखणे याच घराण्यातले. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या तारा दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या होत्या, ते एवढ्याचसाठी की एकीची तुटली तर दुसरीची असावी. दोन्हींत बिघाड झाला, आणि साठवणूक यंत्रणा अपेक्षेप्रमाणे न वागता गप्प झाली. चेन्नईत लांबचे केंद्र होते. तिकडे काम हलवले गेले नाही. तारांच्या बिघाडाचे कारण एक्सचेंजने पुढे सांगितले ते वाचून महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला आपलेपणा वाटेल: दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर खोदकाम चालू होते.

त्वरित जोडीचा आणखी एक गुण लोकांच्या उशिरा लक्षात येतो. ती निष्ठावान असते, शहाणी नसते. कोणी चुकून हजार खाती पुसली तर तीही त्याच क्षणी पलीकडे पुसली जातात. आधारवर आजोबांच्या नावाचा एक काना गळला की तो पॅनवर, पासबुकावर, पीकविम्यावर आणि शेवटी पणतूच्या दाखल्यावर गळत जातो, तसेच हे. म्हणून जोडी असली तरी जुन्या तारखेचा वेगळा बॅकअप ठेवायचाच, असे प्रत्येक पुस्तक सांगते. ते वाक्य ठळक अक्षरांत असते, आणि ठळक वाक्ये वाचून झाली असे वाटते.

जोड्या हजारो असतात आणि संकट एका क्षणात येत नाही. आग एका कपाटाकडून दुसऱ्याकडे जाते. मधल्या दोन सेकंदांत काही जोड्या तुटलेल्या, काही जिवंत. अशा वेळी सोयाबीनचे पैसे व्यापाऱ्याच्या खात्यातून वजा झालेले पलीकडे पोचतात आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेले पोचत नाहीत. दोन्ही व्हॉल्यूम आपापल्या जागी खरे, हिशेब खोटा. यावर उपाय म्हणून पहिली जोडी तुटताच सगळ्या जोड्या एकदम गोठवतात. लहान मुलांच्या 'स्टॅच्यू'च्या खेळात हेच होते. एक पाय हवेत असला तरी हलायचे नाही.

हे सगळे चालते की नाही ते पाहण्यासाठी बँकांना ठरावीक काळाने तालीम करावी लागते. तालीम शनिवारी रात्री असते. त्या रात्री सेकंडरीला प्रायमरी करायचे, त्याच्यावर काम चालवून दाखवायचे आणि सकाळी पुन्हा उलटवायचे. काही जण खऱ्या सेकंडरीला हात लावायला भितात, म्हणून त्याची तिसरी प्रत काढून तिच्यावर तालीम करतात. झेरॉक्सची झेरॉक्स चालते का, हे तपासून प्रमाणपत्र मिळते.

भूमिका उलटल्यावर कोण मालक आणि कोण कारभारी याचा गोंधळ होतो. मेडशीच्या मुलखाला तो वंशपरंपरेने माहीत आहे. 1853 च्या तहानंतर वऱ्हाडची मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाखांच्या बोलीवर कायमचा पट्टा झाला. 1936 मध्ये हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायचे ठरले. नावाला प्रायमरी एक, लिहिणारा दुसरा, अशी ही जोडी 90 वर्षांहून जास्त चालली. हिंजवडीत ती रविवारी सकाळी सातला परत फिरवायची असते आणि पोहे येईपर्यंत कोणाला तरी वाटते की ते दुसऱ्याने केले. पुस्तकाचा शेवटचा सल्ला म्हणून इतकाच: घरी जाण्यापूर्वी सीक्वेरी आणखी एकदा द्यावी.

एवढे करून सोमवार उजाडतो. परदेशातल्या हजारो जोड्या डुप्लेक्स असतात. जिच्यात मायचे खाते आहे त्या देशी बँकेच्या दोन्ही शहरांतल्या प्रतीही अक्षर न अक्षर जुळलेल्या असतात. मेडशीवरून जाणारा 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग अकोल्याहून निघून थेट तेलंगणात संगारेड्डीला पोचतो, आणि त्याच्या चौपदरीकरणाचे अकोला ते मेडशी व मेडशी ते वाशीम असे दोन तुकडे पाडले गेले. रुंदीकरणात रस्त्याच्या कडेची माती हलते आणि तारा कडेलाच असतात. त्या सोमवारी माय बँकेत गेली.

"पासबुक भरून द्या ना, साहेब."

"लिंक नाही, माय. दुपारून येजा."

"माया पोरगा तेच काम करते पुण्याले."

"मंग त्यालेच सांगा."

ती दुपारी पुन्हा आली. लिंक चारला आली, तेव्हा प्रिंटरची रिबन संपली होती.